मॉडेलमध्ये चपला नाहीत

४ ऑगस्ट
पीएच.डी.चं मॉडेल तयार! आग लागली की माणसं जवळच्या दारानं बाहेर पडतात. कॉम्प्युटरवर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. काय शिस्तीत निघतात! अहमदपूरच्या मठाच्या हॉलला दोन दारं आहेत. पुढच्या सोमवारी कीर्तनात मॉक ड्रिल. गाईड व्हिडिओ बघणार, की थिसिस सबमिट.

९ ऑगस्ट
मंजुश्रीला दाखवलं. बायको म्हणून नव्हे, सामान्य जनता म्हणून. म्हणाली, अहो, या ठिपक्यांनी चपला कुठं काढल्या? डोकंच फिरलं. मी इंजिनिअरिंगची पोरं शिकवतो, आणि ही चपला विचारते! रागानं जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

११ ऑगस्ट
सत्यानाश! घंटा वाजताच अख्खा हॉल पुढच्या दाराकडे. चपला तिथे ना! मागच्या दारात मी एकटा, ‘इकडे या’ म्हणून बोंबलतोय. एक बाई तर उंबऱ्यातच बसून दुसरी चप्पल शोधत होती. मागे सगळे तुंबले. ट्रस्टी संगप्पा मलाच म्हणाले, सर, नवी चप्पल हाय, कुणी नेली तर तुम्ही देणार हाव का? अडाणी लेकाचे.

१२ ऑगस्ट
गाईड म्हणतात, मॉडेल बदला. का म्हणून? जनता बदला! सोमवारी परत ड्रिल. आधी माझं भाषण: जीव मोठा की चप्पल?
मंजुश्रीचं एकच पालुपद. माझ्या आईचे गुडघे धरलेत, ती तुमच्याजवळ बसंल, तिचा हात सोडू नका. मला सांगते! माझा विषयच आहे तो.

१८ ऑगस्ट
भाषण जबरदस्त झालं. टाळ्या पडल्या. ड्रिलची घंटा वाजायच्या आतच प्रसादाच्या खोलीत खरीच कढई पेटली. हॉलभर धूर.
मी गर्दी कापत पुढच्या दाराला पोचलो. बूट नवे होते. व्हायव्हासाठी घेतलेले.
पुढच्या दारात कुणीच नव्हतं. सगळे मागच्या दारानं गेले, अनवाणी. संगप्पासुद्धा. भाषण ऐकलं होतं मेल्यांनी.
बूट हातात घेऊन हॉलला वळसा घातला. मागे मंजुश्री आईला धरून उभी. तिनंच बाहेर काढलेलं. माझ्या हातातल्या बुटांकडे बघितलं.
सासूबाई खोकत खोकत म्हणाल्या, जावईबापू, बूट सापडले न्हवं? मला तुमचीच लई काळजी लागली व्हती.
हो, म्हणालो.