पायाला हात लावायचा नाही

३ जुलै, गुरुवार
सकाळी सुमती न्हाणीतून आली. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, डाव्या पायाच्या ठशात लालसर काहीतरी. विचारलं, तर म्हणे, "कुंकू सांडलं असेल." वाकून बोटानं पुसून बघितलं. कुंकू कसलं! पाय दाखव म्हटलं तर खुर्चीवर मांडी घालून बसली, साडी पायांवर ओढून. "अहो, नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो. पाप मला लागतं."
डोक्यात तिडीक गेली. पेपर हातात धरून बसलो, एक अक्षर वाचलं नाही.

४ जुलै, शुक्रवार
शेवटी सूनबाईला फोन केला. मैसुरातच राहते, हूटगळ्ळीला; तिथून ऑफिसला जाता जाता आली. अदिती नाशिकची, तिच्यापुढे सु.चं काही चालत नाही. सून पायाला हात लावू शकते, तिथं पाप नाही. अंगठ्याशेजारचं बोट सुजून निळं पडलंय आणि चांदीचं जोडवं त्यात पुरतं रुतलंय. कडेनं चिघळलंय.
"आई, हे दुखत नाही?"
"छे! दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"
"दुखत नाही हेच तर वाईट आहे."
इतक्या वर्षांची साखर. आम्ही डोळे तपासत राहिलो, गोड मोजत राहिलो, पायाकडे कोण बघतो!
आज आषाढातला शुक्रवार, सु.ला चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्या अनवाणी चढायच्या होत्या. नाही म्हटलं. तोंड फुगलंय.

५ जुलै, शनिवार
डॉक्टरकडे. डॉक्टर कन्नड, चांगला माणूस. सु.ला डोळे मिटायला लावून तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवत होता. लागला की 'हो' म्हणायचं. ही आपली अंदाजानं ठराविक वेळानं 'हौदु, हौदु' म्हणत होती! दोरा त्याच्या हातात वर होता तेव्हासुद्धा. जन्मभर हिनं शाळेत पोरांची कॉपी पकडली, आणि आता स्वतः हे. हसू आलं, मग एकदम थांबलं.
पावलावरची नाडी त्याला बोटानं सापडेना. यंत्र लावलं, त्यात बारीक फुसफुस. रक्त खाली पोचत नाहीये म्हणाला. जोडवं आत्ताच कापू.
सु. पाय ओढून उठलीच. "घरी जाऊन काढते." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी कुणाकडे बघू?

६ जुलै, रविवार
भांडण. खरं खरं मोठं.
"कुणासाठी घालतेस ते?"
"तुमच्यासाठी."
"मी जिवंत आहे ना समोर? मग मीच सांगतो, काढ."
"असलं बोलू नका की! सुम्ने बसा, गप्प."
माझं आयुष्य वाढावं म्हणून हिचा पाय सडणार. हा काय हिशेब झाला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फिरायला म्हणून निघालो, तळ्यापर्यंत गेलो, बसलो नाही, तसाच परत आलो. पुन्हा गेलो. शेजारचे विचारत होते, एनाय्तु सर, काय झालं? काही नाही म्हटलं.

७ जुलै, सोमवार
जोडवं कापलं. अदितीनं तोड काढली: दोन्ही पायांतली जोडवी मंगळसूत्रात ओवायची, सौभाग्य अंगावरच राहतं. सु.नं बराच वेळ विचार केला, मग, "चालेल, पण कापताना ह्यांनी खोलीत थांबायचं." थांबलो. जोडव्याखाली कातडी काळी.
मी: बोट राहील ना?
डॉक्टर: "नोडोणा." बघू. हा शब्द आमच्या मैसुरात सगळे रोज वापरतात, आज पहिल्यांदा भीती वाटली त्याची.
घरातही अनवाणी चालायचं नाही. आणि रोज दोन्ही पाय कुणीतरी नीट बघायचे, तळवे, बोटांच्या फटी. तिला वाकवत नाही, दिसत नाही, कळत नाही. म्हणजे मी.
सु.: "ते नको."
डॉक्टर: "अम्मा, बेकू." पाहिजेच.

९ जुलै, बुधवार
काल पहिल्यांदा बघितला. पाय हातात घेतला तर गार, विहिरीच्या पाण्यात ठेवल्यासारखा. तिनं पदर तोंडावर घेतलेला. झालं म्हटल्यावर उठली, गुडघ्यावर हात टेकत वाकली आणि मला नमस्कार केला. पाप फेडायला! आजही तेच. अगं, त्या गुडघ्यांचं काय? ऐकत नाही. आणि मी काय आशीर्वाद देऊ? 'पाय बरा होऊ दे' एवढंच सुचतं.
चपलेवरून वेगळा वाद. चप्पल घालून देवघरात कशी जाऊ? शेवटी नवी चप्पल आणली, तुळशीचं पाणी शिंपडलं, ती 'देवघराची'. देवाला चालली म्हणे. हा तोडगा डॉक्टरला सांगितला पाहिजे.

११ जुलै, शुक्रवार
गच्चीत खुर्ची टाकून दिली, तिनं टेकडीकडे बघत हात जोडले. काय मागितलं विचारलं नाही. माहीत आहे. तिथंही माझंच नाव असणार, स्वतःच्या पायाचं नाही.

१५ जुलै, मंगळवार
स्कॅन झाला. गुडघ्याखालच्या रक्ताच्या नळ्या अरुंद. गुरुवारी औषध घालून आतून बघणार, जमलं तर फुगा घालून वाट मोकळी करणार. नाही जमलं तर... डॉक्टरनं वाक्य सोडलं. कापायचं ते बोटापुरतं की पुढं?
घरात येरझाऱ्या. सु. म्हणते, "तुम्ही इतके चालताय, माझ्या वाटणीचं पण चाला." वर हसते.

१७ जुलै, गुरुवार
अदिती गाडी घेऊन येईपर्यंत लिहितोय.
सकाळी पाय बघायला बसलो तर सु.नं आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवला. तोंडावर पदर नाही. काळं कालच्याएवढंच की थोडं वर सरकलंय, सांगता येईना. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
"काय दिसतं?"
"आहे तसंच आहे."
"खरं सांगा."
"खरंच की."
झालं म्हटलं, आणि नमस्कारासाठी माझे पाय जुळवून बसलो. ती उठली नाही. "आज राहू दे," म्हणाली, आणि पाय तिथंच ठेवला, माझ्या हातात. रोज त्या नमस्काराची चीड यायची मला. आज झाला नाही, तर त्याचीच वाट बघत बसलो. थकली? घाबरली? की आता पाप वाटत नाही? तसाच धरून बसलो, ऊब येते का बघत.
मग निघायची तयारी. देवघराची चप्पल मीच तिच्या पायात घातली. तिनं दुसराही पाय पुढं केला. खाली हॉर्न वाजतोय.