घरची तालीम

येसूच्या बाबास्नी,

ही चिठ्ठी तुमच्या नाटकाच्या नकलेच्या वहीत ठेवते, कारण घरात आल्याबरोबर तुमी तीच उघडता. येसूला घेऊन मी पालीला रायबादादाकडं जाते. भाकरी टोपल्यात हायेत, कालवण चुलीच्या वैलावर हाय. शेळीचं दूध शिंक्यात ठेवलंय, मांजराकडं ध्यान असू द्या.

यात्रेच्या नाटकात तुमी बायकोला बडवणारा जहागीरदार झालाय, त्याचं मला काय न्हाई. त्या प्रवेशाला तालमीतच लोक शिट्ट्या मारत्यात, म्हणून मास्तर मारहाण रोज वाढवत्यात. वाढवू द्या. पण देवळातली तालीम संपली की घरी पुन्हा माज्यावर कशापायी? आधी नुसता बुचडा धरायचा. आता वही मिटली तरी तुमचा हात थांबत न्हाई. नाटकात तुमची बायको होणारा ज्ञानू लुगड्याच्या आत पाठीला गोणपाट बांधून येतो. येसूनं ते देवळात पाह्यलंय.

माज्यापुरतं मी आणखी सोसलं असतं. पण काल सांजच्याला अंगणात तुमचं खाकरणं ऐकलं, तशी पोर खेळ टाकून उठली. फाटक्या पोत्याचा तुकडा घेऊन आली, माज्याकडं पाठ केली आन् म्हणाली, "आये, घट्ट बांध."

आन् म्या बांधलं.

येसूची आई