कमरेचं रोप गुडघ्यात

रा. रा. गणराज साडूभाऊ यांस, तळ्याहून अंबाजीचा रामराम.

किहीमला सगळे खुशाल असाल. तुमची ॲसिडिटी काय म्हणते? आमच्याकडे गुडघा सोडला तर सगळे मजेत.

तुमच्या प्रणालीने मला पनवेलकडच्या एका चकचकीत दवाखान्यात नेलं, हे कानावर आलंच असेल. (पोरगी गुणाची. राग तिच्यावर नाही.) आषाढात भाताच्या आवणीला चिखलात उतरता येणार, की बांधावर बसून तुमच्या मेहुणीला, एकट्या रंगूला, वाकलेली बघायची, एवढाच माझा प्रश्न होता. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की कमरेच्या हाडात मूळ पेशी असतात, पुढे काय व्हायचं ते त्यांचं अजून ठरलेलं नसतं. त्या सुईने काढून गुडघ्यात सोडल्या की तिथे रुजतात आणि झिजलेली गादी भरून काढतात. मी म्हटलं, म्हणजे आवणीच की! राबातलं रोप उपटायचं आणि खाचरात लावायचं. डॉक्टर खूश. मीही खूश, आणि तिथेच चुकलं, कारण शेतीचं निघालं की मला गप्प बसवत नाही.

मी सांगितलं, तेच ते बियाणं वर्षानुवर्षं पेरलं तर पीक घटतं. माझी कंबर अडुसष्ट वर्षांची, जन्मभर चिखलात वाकलेली. तिचं रोप काय जीव धरणार? बियाणं बदला. आमचे साडू कॉटेजच्या व्हरांड्यात बसून पाहुण्यांना चाव्या देतात, त्यांची कंबर कोरी आहे, तिच्यातलं घ्या. तर तो गृहस्थ हसला! वर म्हणतो, खरं तर त्या पेशी स्वतः फारशा रुजत नाहीत, जुन्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे माझ्याच कमरेतून निघायचं आणि माझ्याच गुडघ्यात जाऊन मुकादमी करायची? असले लोक गावात कमी आहेत का? बरा झालेला एक तरी गुडघा दाखवा म्हटलं, तर म्हणे अभ्यास चालू आहे. अहो, मग माझ्या गुडघ्यात सुई कशाला? मी चप्पल घालून बाहेर पडलो. प्रणाली "काका, थांबा तरी" करत मागून आली. घरी रंगू म्हणाली, "तुमाला कुनाचं आयकायचंच न्हाय."

सौ. नीराबाईंना नमस्कार.

आपला,
अंबाजी

ता. क. : गुडघा तसा बरा आहे. काठी घेतो ती कुत्र्यांसाठी.

आणखी एक : कुत्री काही करत नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून सांगितलं, गुडघा बदलावा लागेल. येत्या मंगळवारी अलिबागला ऑपरेशन आहे. मला आत नेईपर्यंत तुम्ही जवळ बसा. रंगूसमोर मला घाबरता येत नाही.