स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
संस्था-शेती हस्तांतरण कक्ष,
कृषी विभाग.

मार्फत: मा. अधीक्षक, शासकीय मनोरुग्णालय.
(अधीक्षकांनी हा अर्ज वाचलेला नाही. "वाचला तर शेरा मारावा लागेल, न वाचता नुसता पुढे पाठवता येतो," असे त्यांनी सांगितले.)

अर्जदार: मुख्य स्वयंपाकीण, वरील रुग्णालय.

विषय: स्वयंपाकघराचे मागील दार रोज सकाळी पंधरा मिनिटे उघडण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ:
१) रुग्णालयाची अकरा एकर शेती कृषी विभागाकडे वर्ग केल्याचा आदेश.
२) पायरीवर बसल्याबद्दल मला आलेली अतिक्रमणाची नोटीस.
३) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. लेखी उत्तर अप्राप्त.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी गेली एकोणीस वर्षे सदर रुग्णालयात एकशे चाळीस माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक करीत आहे. माझे पहिले दोन अर्ज मी माझ्या भाषेत लिहिले होते, म्हणून त्यांना उत्तर आले नसावे, असे आमच्या लेखनिकांचे मत पडले. सबब हा तिसरा अर्ज मी त्यांना शेजारी बसवून, त्यांच्या भाषेत लिहीत आहे. भावना घालू नका, मुद्दे घाला, आकडे टाका, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. त्यानुसार मुद्दे खालीलप्रमाणे.

१. स्वयंपाकघराचे मागील दार थेट शेतात उघडते. सदर दारापासून वांग्याच्या पहिल्या रोपापर्यंतचे अंतर नऊ पावले आहे. (लेखनिकांची बारा भरली, पण ते पावले फार जपून टाकतात.) रुग्णालयाच्या आवारातून शेतात जाण्यास हे एकच दार आहे. बाकी सगळीकडे उंच भिंत आहे, आणि मोठ्या फाटकातून रुग्णांना बाहेर सोडत नाहीत.

२. शेती आपल्याकडे गेल्याने तिचे भले झाले, हे मी आधीच कबूल करते. चार वर्षे बंद पडलेला पंप आपण आठ दिवसांत सुरू केलात. मिरचीची रांग सरळ झाली. रुग्णांना फुकट राबवू नये म्हणून आपण त्यांचे शेतातले काम थांबवून मजूर नेमलेत, तोही नियम चांगला आहे, त्याला मी हात जोडते. तरी माझे गाऱ्हाणे आहेच, ते पुढे येईल.

३. हस्तांतरणाचा नकाशा काढताना हद्दीची रेघ भिंतीला अगदी चिकटून ओढली गेली. त्यामुळे दाराबाहेरची दगडी पायरी आपल्या विभागात गेली. सदर पायरीवर बसून मी एकोणीस वर्षे कांदे चिरत आले आहे, कारण बाहेर वारा असतो व डोळे कमी झोंबतात. एके दिवशी मला "शासकीय शेतजमिनीवर अनधिकृतपणे बसणे" या कारणासाठी नोटीस मिळाली. मी मोजून पाहिले. उंबऱ्यावर बसले असता माझे पाय कृषी विभागात असतात व उरलेली मी आरोग्य विभागात. तरी नोटीस फक्त पायांना आहे की सगळ्या मला आहे, याचा खुलासा अद्याप झालेला नाही.

माझ्या जिभेला हाड नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पेनाला तरी असावे, पण नव्हते. नोटिशीच्या पाठीवर मी "एवढी पायरी लागत असेल तर उचलून घेऊन जा" असे लिहून परत पाठवली. दुसऱ्याच दिवशी आपला माणूस आला आणि दाराला सील ठोकून गेला. म्हणजे हे दार माझ्यामुळे बंद झाले. लेखनिक म्हणतात, हे वाक्य काढा, आपल्याच अंगावर येते. मी काढत नाही. अंगावर आलेलेच आहे.

४. त्यानंतर भाजी मिळवण्याची रीत बदलली. आता मी मागणीचा नमुना भरते. मजूर भाजी तोडतात, ती ट्रकने आपल्या मध्यवर्ती गोदामात जाते, तिथे तपासणी होते, आणि तिसऱ्या दिवशी तोच ट्रक ती मोठ्या फाटकातून आमच्याकडे आणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पालक इतका प्रवास करून आला की मला त्याची ओळख पटेना. गेल्या आठवड्यात, तोच परत येतो का ते कळावे म्हणून, एका दुधीवर तो गोदामात जाण्यापूर्वी खिडकीतून नखाने खूण करता येते का ते मी पाहत होते, तर आपल्या रखवालदाराने खिडकीचीही नोंद घेतली.

तरीही भाजीबद्दल माझी तक्रार नाही. शिळ्या पालकाचेही काहीतरी करता येते, माझे आयुष्य त्यातच गेले.

५. आता सीलबाबत. आपल्या माणसाने ते आतल्या बाजूने लावले, कारण बाहेरून लावले असते तर त्याला भिंतीला वळसा घालून परत यावे लागले असते. दाराला कडी नाही, म्हणून दोन खिळ्यांना दोरी बांधून गाठीवर लाख ओतली व शिक्का मारला. तिथून दीड हातावर माझी मोठी शेगडी आहे. लाख उष्णतेने वितळते ही गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली. तो म्हणाला, शेगडी हलवा. शेगडी सिमेंटात बसवलेली आहे. मी आपल्याला लेखी कळवले (पहिला अर्ज). त्यावर रखवालदाराच्या तोंडी निरोप आला, की सील सुरक्षित राखण्याची जबाबदारी स्वयंपाकघराची राहील.

तेव्हापासून अकरा दिवस मी त्या लाखेवर ओले फडके ठेवते आहे. दर अर्ध्या तासाला बदलते. एकशे चाळीस माणसांचा भात शिजतो आहे आणि मुख्य स्वयंपाकीण आपल्या शिक्क्याच्या कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवते आहे, असे दृश्य आपण डोळ्यांसमोर आणावे. माझ्या नवऱ्याला ताप आला होता तेव्हा मी एवढे केले नव्हते. त्याने ते बोलूनही दाखवले.

६. यापुढील मुद्दा हाच खरा मुद्दा आहे. वरचे सगळे वाचले नसल्यास चालेल.

रुग्णालयात एक वयस्कर गृहस्थ बावीस वर्षांपासून आहेत. आले तेव्हा नाव सांगत नव्हते, आजही सांगत नाहीत. नोंदवहीत "अनोळखी, पुरुष" असे आहे. आम्ही त्यांना झालंकाका म्हणतो, कारण त्यांच्या तोंडून तेवढाच एक शब्द येतो. रोज सकाळी ते मागच्या दाराने शेतात जात, वांग्याच्या ओळीला पाणी देत, एक वांगे निवडून तोडत. निवडायला वेळ लावत, सोनाराने मोती निवडावा तसा. मग ते आत आणून माझ्या चिरायच्या फळीवर ठेवत आणि म्हणत, "झालं." त्यानंतर ताटावर बसत. वांगे आणले नाही असा दिवस मला आठवत नाही. वांग्यांचा हंगाम नसेल तेव्हा मिरची आणत, तीही नसेल तर एखादे पान. पण काहीतरी आपल्या हाताने आणल्याशिवाय ते घासाला शिवले नाहीत.

काम नव्हते हो ते. त्यांना कुणी राबवत नव्हते. तो माणूस आपल्या जेवणाला स्वतः आमंत्रण देऊन आणत होता.

लेखनिक म्हणतात, ही भावना झाली. बरे, मग आकडा घ्या: सील लागल्यापासून अकरा दिवसांत काकांचे वजन साडेचार किलोंनी उतरले आहे. थोडे दूध जाते, बाकी सलाईनवर चालले आहे. सकाळी उठून ते मागच्या दारापाशी येतात व दाराकडे तोंड करून बसतात. मी फडके बदलते, ते बघतात. रोज बघतात. कालपासून त्यांना उठून बसायला हात द्यावा लागतो.

७. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या परीने प्रयत्न केला. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर रीतसर लिहून दिले: "शेत, दिवसातून एकदा, सकाळी, जेवणापूर्वी." औषधभांडाराने "साठ्यात उपलब्ध नाही" असा शिक्का मारून चिठ्ठी परत केली. मग ती आपल्या कार्यालयास पाठवली. आपल्याकडून लेखी उत्तर आले, की औषधोपचार हा आरोग्य विभागाचा विषय आहे. चिठ्ठी सध्या माझ्या मसाल्याच्या डब्यात आहे.

८. मीही शहाणपणा करून पाहिला. परवा बाजारातून एक चांगले, काळेभोर, काटेरी देठाचे वांगे आणले आणि काका बसतात तिथे गुपचूप ठेवून दिले. त्यांनी ते उचलले. उलटसुलट केले, देठाशी अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून तीन शब्द बोलले. बावीस वर्षांत "झालं"शिवाय इथे कुणीही ऐकलेले पहिले शब्द. म्हणाले, "हे आपलं नाही."

आणि वांगे माझ्या हातात परत दिले. महोदय, मी त्या दिवशी आत जाऊन कांदे नसताना रडले.

९. आपल्याला आठवत असेल, संयुक्त पाहणीच्या दिवशी आपण आमच्याकडे जेवलात. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतलीत आणि वांगी कुठली म्हणून विचारलेत. मी म्हणाले, आपलीच. तेव्हा कोपऱ्यात बसलेले ते गृहस्थ, ज्यांना आपण माळी समजून "छान पीक आहे" म्हणालात, तेच झालंकाका. खाल्ल्या मिठाला जागा, असे मी म्हणणार नाही, कारण मीठ आरोग्य विभागाचे होते. वांग्याला जागलात तरी पुष्कळ.

१०. हा अर्ज मी सकाळी आठला लिहायला घेतला. आता साडेदहा होत आले आहेत. लिहिण्याच्या नादात फडके बदलायचे राहिले आणि ते वाळले. हे नववा मुद्दा संपता संपता माझ्या लक्षात आले. दार उघडल्यावरच लक्षात आले असे लिहा, म्हणजे चुकून झाले असे दिसेल, असे लेखनिकांनी सुचवले. पण ताकाला जाऊन भांडे लपवणे मला जमत नाही. मी पाहिले. लाख मऊ होऊन गाठीवरून ओघळू लागली होती. पाण्याची बादली माझ्या पायाशी होती. मी उठले नाही. लेखनिक "मला काही ठाऊक नाही" असे मोठ्याने म्हणून चहाला गेले आहेत, आणि यापुढची भाषा माझी एकटीची आहे.

दोरी सैल पडली. दाराला कडी नसल्यामुळे ते वाऱ्याने आपोआप उघडले. दार काही मी ढकलले नाही. काकांनीही ढकलले नाही. ते भिंतीला धरून उठले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. नऊ पावलांना त्यांना आज पुष्कळ वेळ लागला. आपला रखवालदार तिथे होता. त्याने शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही, याची कृपया त्याच्याविरुद्ध नोंद घेऊ नये. उलट ओळीत पाणी सोडायला त्यानेच नळी धरली.

काकांनी निवडायला नेहमीइतकाच वेळ घेतला. भात उतरवायचा होता, मला धीर धरवेना, पण उगीच घाई करणार कोण? त्यांनी एक वांगे आणून फळीवर ठेवले. नेहमीचा शब्द म्हणाले. मी ते चिरले, टाकले, वाढले. त्यांनी अर्धा वाडगा भात खाल्ला आणि भाजी पुन्हा मागितली, म्हणजे ताट पुढे केले.

११. सबब अर्जाच्या विषयात दुरुस्ती करण्यात येत आहे. "परवानगी मिळणेबाबत" ऐवजी "कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत" असे वाचावे. हा शब्द लेखनिकांनी चहाला जाताना दारातून सांगितला, तेवढा त्यांचा उपकार.

नवे सील लावायचे असल्यास आपण जरूर लावा, ते आपले कामच आहे. फक्त सकाळी आठ ते सव्वाआठ सोडून लावावे, आणि लावायला आपण स्वतः यावे, जेवणाच्या वेळेला. पायरीवर मी पुन्हा बसणार नाही, कांदे आत चिरीन, डोळ्यांचे काय व्हायचे ते होईल. शिक्षा करायची असल्यास ती मला करावी, पाय आणि उरलेली मी, दोन्हींना. दार मात्र उघडे राहू द्यावे.

एक गोष्ट राहिली. जेवण झाल्यावर काका पुन्हा शेतात गेले. असे ते कधी करत नाहीत. दुसरे वांगे तोडून आणले आणि ते फळीवर न ठेवता या अर्जाच्या कागदांवर आणून ठेवले. मी विचारले, "साहेबांना द्यायचं का?" त्यांनी वांगे कागदाच्या मधोमध सरकवले. ते वांगे शासकीय मालमत्ता असल्याने सोबत जमा करीत आहे. पोच मिळावी.

आपली (एरवी नसते, पण आज) नम्र,

सही
मुख्य स्वयंपाकीण

दिनांक: सील लागल्यापासून बारावा दिवस, दुपारी बारा.

सोबत:
१) लाखेचा गोळा, थंड झालेला. आपल्या शिक्क्याची अर्धी खूण शाबूत आहे.
२) फडके, कोरडे.
३) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी. (हळद लागली आहे, क्षमस्व.)
४) वांगे, एक. आपलेच.