मलकापूरचं बोलावणं

ता. १० नोव्हेंबर १९०७, रविवार

आज पाळकांनी पुन्हा तेच काढलं! — "प्रत्येक माणसासाठी देवाने एक काम नेमून ठेवलं आहे. ते ओळखा." महिनाभर हाच विषय. बाकीची मंडळी माना हलवतात आणि घरी जाऊन पोटभर जेवतात. मला घास उतरत नाही. केस पिकले, दात गेले — आणि माझं काम कोणतं, हे मला अजून ठाऊक नाही! मिशनचं देऊळ झाडतो, सतरंज्या घालतो, घंटा वाजवतो. ते काय काम झालं? ते कुणीही करील.

उपदेश संपल्यावर पाळक म्हणाले, मलकापुरात आपली थोडी ख्रिस्ती घरं आहेत. त्यांना कोणी नाही. शास्त्र वाचून दाखवील, प्रार्थना चालवील असं कोणीतरी तिथे जाऊन राहायला हवं. कुणाच्या मनात येतं का ते बघा.

माझ्या मनात आलं. असं आलं की छाती धडधडायला लागली. हेच तर नसेल? मी वाचतो — हळू वाचतो, जोडाक्षराला अडखळतो, पण वाचतो. बाप्तिस्म्यानंतर मिशनच्या शाळेत पोरांच्या मागे बसून शिकलो. ते देवाने उगाच शिकवलं असेल?

आणि नुसती माझीच हौस असली तर?

ता. ११, सोमवार

तानाबाईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सुपावरची नजर काढली नाही.

"कुनाला बोलावलंय?"

"मला. म्हणजे — तसं वाटतंय."

"मग जावा की. म्या न्हाय येत."

मी म्हणालो, पाऊस फार असतो तिकडे, म्हणून का? "पावसाचं न्हाय," म्हणाली. मग कशाचं, ते सांगेना. दिवसभर भांड्यांशी बोलली, माझ्याशी नाही.

बायकोला सोडून देवाच्या कामाला जावं, की देवाचं काम सोडून बायकोपाशी बसावं? शास्त्रात दोन्हीला आधार सापडतो. तेच तर वाईट!

ता. १३, बुधवार

प्रार्थना केली. काही नाही. पुन्हा केली. शेजारच्या इमाम पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज तेवढा ऐकू आला.

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याच्या दाढीत कापूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, बोलावनारा बोलावतोय तवा तुझ्या कानात कापूस घातला तरी ऐकू येनार. आनि न्हाय बोलावलं तर कान टवकारून काय उपेग?" त्याचं बरं आहे. त्याला गाद्या भरायच्या आहेत.

पाळकांना रविवारपर्यंत काहीतरी सांगायला हवं.

ता. १६, शनिवार

लिहू की नको. लिहितो.

आमचं घराणं गुरवाचं. पन्हाळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात देवाला कौल लावायचे ते वडील. सोयरीक करायची, बैल घ्यायचा, विहीर खणायची — माणसं यायची. मूर्तीच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. उभ्या उभ्या निकाल! माणसं मोकळी होऊन घरी जायची. आणि मी इथे गुडघे झिजवतो, तरी 'होय' नाही, 'नाही' नाही.

आज देऊळ झाडायला गेलो. कुणी नव्हतं. व्यासपीठाजवळच्या दगडी खांबाला पाणी लावलं. दारातल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. हात जोडून म्हणालो, "प्रभू, तुलाच विचारतोय. दुसऱ्या कुणाला नाही. मलकापूरला जाऊ का?"

उजवी पडली!

रडू आलं. पायऱ्या उतरताना गुडघासुद्धा दुखला नाही. रस्त्यात महाराजांची गाडी गेली, लोक मुजरे करत होते, माझं लक्षच नाही. म्हटलं, मला त्याहून मोठ्या दरबारातून हुकूम आलाय!

मग जेवताना हात थांबला. वडील सांगायचे ते आठवलं — होय हवं असेल तर उजवी नुसती टेकवायची, डावी दाबायची. मी दाबली का? आठवत नाही. बोटांना जुनी सवय. बोटांनी मला विचारलं असेल असं वाटत नाही.

ता. १७, रविवार

मेलो असतो आज!

उपासना संपली. मंडळी बाहेर गेली. मी सतरंज्या गुंडाळत होतो. पाळकांनी हाक मारली, "आकारामबाबा, हे काय?" बोट खांबाकडे. डावी पाकळी! सुकून तिथेच चिकटलेली. सगळं देऊळ झाडलं आणि तीच काढायची विसरलो! उपदेशभर ती त्यांच्या कानाशी होती.

खोटं सुचेना. सगळं सांगितलं. वाटलं, आता मंडळीतून काढणार. या वयात कुठे जाऊ?

गुरुसिद्ध पाळक मूळचे कर्नाटकाकडचे लिंगायत, रागावले की कानडीत रागावतात. मी कानडीची वाट बघत होतो. तर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं —

"पडली कुठली?"

"उजवी."

"डावी दाबली होतीत?"

यांना कसं कळलं! म्हणाले, "आमच्याही गावात गुरव होता, बाबा." आणि हसायला लागले. खांबाला टेकून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "मलकापूरला जावंसं वाटतं, एवढंच मला सरळ सांगायचं होतं. ते देवाच्या तोंडून कशाला वदवून घेतलंत? हे पुन्हा करू नका. अगदी करू नका."

मी म्हणालो, "पण माझं काम कोणतं, ते मरायच्या आधी कळायला नको का?"

"कळायलाच हवं असं कुठे आहे? देवाने काम नेमलंय. ते तुम्हाला येऊन दाखवीन, असं त्याने कबूल केलेलं नाही."

"तुम्हीच म्हणालात, ओळखा म्हणून! महिनाभर!"

पाळकांनी मान खाजवली. "म्हणालो खरा. जरा जास्तच म्हणालो. अहो, ज्यांना कधी विचारच पडत नाही त्यांच्यासाठी होतं ते. ते ऐकत नाहीत आणि तुम्ही झोपत नाही!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हाला न कळताही ते तुमच्या हातून होत असेल. नसेल तर तो करवून घेईल. तुम्ही जेवा."

प्रार्थना केली दोघांनी. पाकळी त्यांनीच नखाने काढून खिडकीबाहेर टाकली.

घरी येऊन जेवलो. दोनदा वाढून घेतलं. तानाबाई बघतच राहिली.

ता. १८, सोमवार

गाढ झोप. कोंबडासुद्धा ऐकू आला नाही.

देऊळ झाडलं. रोज खराट्याबरोबर डोक्यात चालायचं — काम कोणतं, काम कोणतं. आज ते नव्हतं. तेव्हा दिसलं, कोपऱ्यांत किती कोळिष्टकं! मी इतके दिवस काय झाडत होतो?

ता. २१, गुरुवार

मलकापूरच्या मंडळीतली धोंडुबाई डोळे दाखवायला दवाखान्यात आलीय. पाळकांनी आमच्याकडे उतरवलं. विधवा बाई. बोलायला फटकळ. आल्या आल्या तानाबाईला म्हणाली, "तुझ्या म्हाताऱ्याचा कोट झ्याक हाय, पर बटनं कुटं गेली?"

संध्याकाळी तिला हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचून दाखवला. ठासून वाचला. एकदाच अडखळलो. मान वर करून बघतो तर बाई घोरत होती!

ता. २२, शुक्रवार

सकाळी दोघी जात्यावर. मी बाहेर तोंड धूत होतो. धोंडुबाई म्हणाली, "काल ते मेंढराचं काय वाचत हुतं गं? मला काय बी उमगलं न्हाय."

तानाबाईने सांगायला घेतलं. तिला एक अक्षर येत नाही! मेंढरू कसं चरता चरता करवंदीच्या जाळीत अडकलं, अंधार पडला, वाघरू कुठंतरी गुरगुरतंय. धनगर शोधत आला. मारलं नाही, शिवी दिली नाही. काटे काढले आणि खांद्यावर घेतलं. "आनि मेंढरू भ्यालेलं. त्याच्या लेंड्या धनगराच्या घोंगड्यावर पडत हुत्या. तरी त्यानं खाली ठेवलं न्हाय."

धोंडुबाई खदखदून हसली. मग जातं थांबलं. बघतो तर रडत होती. म्हणाली, "मालक गेल्यापासनं मी बी तशीच जाळीत हाय बग."

मला राहवेना. बाहेरून ओरडलो, "लेंड्या शास्त्रात नाहीत!"

"मेंढरू हाय न्हवं शास्त्रात?" आतून आवाज. "मग लेंड्या असनारच! तुमी खांद्यावर मेंढरू घेतलंय कदी?"

नाही घेतलं.

ता. २४, रविवार

पाळकांना सांगितलं — माझं 'होय' पण नाही आणि 'नाही' पण नाही. तुम्हीच ठरवा. म्हणाले, "धोंडुबाई उद्या परत जातेय. मलकापूरच्या मंडळीलाच ठरवू दे."

छाती धडधडली नाही. पुन्हा पुन्हा हात लावून बघितलं. नाहीच!

ता. २७, बुधवार

थंडी पडली. मलकापूरचं काही कळलं नाही. आणि बरं वाटतंय! इमाम म्हणाला, "बाबा, तोंडावर रया आली तुझ्या, बोलावनं आलं वाटतं?" म्हटलं, नाही आलं, म्हणूनच.

ता. १ डिसेंबर, रविवार

मलकापूरचा निरोप आला. वाचणारा नको म्हणतात. तानाबाई पाठवा म्हणतात!

पाळक स्वतः घरी आले तिला विचारायला. मी मध्येच बोललो, ती यायची नाही, मला स्वच्छ नाही म्हणालीय. तर ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"तुमी मला इच्यारलं कवा? तुमी नुसतं सांगितलं." मग पाळकांना, "तुमी इच्यारलं. जाते मी."

ती माझ्याकडे वळली.

"तुमी येताय न्हवं? मला वाचाय येत न्हाय."

येतो म्हणालो. लगेच!