निगेटिव्हचा नारळ

आई,

आज तुझ्यावरच चिडून लिहायला बसले आहे. तुझ्या नातीला, आमच्या पोट्टीला, सातवा महिना सरला आणि ती घरीच बाळंत व्हायचं म्हणते, इथेच चौबे कॉलोनीत, आमच्या मधल्या खोलीत. रक्त तिचं निगेटिव्ह, जावयाचं पॉझिटिव्ह. मी नको म्हटलं तर म्हणते, "मम्मी, हॉस्पिटल का खर्चा बचेगा, आपको तो खुश होना चाहिए!" वर तुझाच दाखला देते: नानी वार पडल्याशिवाय नाळ कापू द्यायची नाही, नाळेतलं रक्त बाळाचं, ते त्याला मिळू द्यायचं.

शेवटी मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटलं, नाळेवरून त्या तिला चांगल्या झापतील. कसलं काय! म्हणाल्या, खुशाल थांबून कापा, निगेटिव्ह आईलाही चालतं. एक सुई त्यांनी तिथेच दिली. पण कापल्यावर नाळेतलं रक्त तपासायचं, बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तीन दिवसांच्या आत आईला दुसरी सुई. ती पुढच्या लेकरासाठी; नाहीतर आईचंच रक्त त्याच्या रक्तावर उठतं, लेकरू पिवळं पडतं, दगावतंसुद्धा. "घर पे ये सब कौन देखेगा? और खून नहीं रुका तो?" पोट्टी म्हणे, "देख लेंगे ना!"

परतताना ऑटोत मला तुझं गुढियारीचं स्वयंपाकघर दिसत राहिलं. तू भाकरी थापता थापता हसत सांगते आहेस, की मी पोटात असताना दवाखान्याने तुझं रक्त निगेटिव्ह सांगितलं. बाबा म्हणाले, "निगेटिव्ह म्हनजे काहीच नाही निंघालं, सुटलो!" आणि तू देवीला नारळ फोडलास. आपल्याला निगेटिव्ह ठाऊक ते टीबीचं, मलेरियाचं. माझ्यामागे तिघं झाली, तिघंही घरीच, हळदीसारखी पिवळी, आणि एकही जगलं नाही. तू देवीचा कोप समजून उपास वाढवलेस. "काहून उपाशी राहतेस?" विचारलं तर मला रट्टा दिलास. देवीला कशाला मध्ये ओढायचं, आई? दवाखान्यातल्या एकाने तरी तुला विचारायचं होतं, बाई, कळलं का तुले? मीही मॅट्रिक झाले, अन् मला हे आज कळतंय!

नाळेची तुझी गोष्ट पोट्टीला मीच कौतुकाने सांगितली होती. त्या तिघांची कधीच नाही. गरोदर बाईपुढे गेलेल्या लेकरांचा विषय काढायचा नाही, हीसुद्धा तुझीच शिकवण. तू तर गेलीस, हा कागद तुला पोचायचा नाही, आणि पोट्टीला द्यायची मला हिंमत नाही. मघाशी जेवताना अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं, "भाजी घे अजून."