गाडीतली बाई

४ नोव्हेंबर

आज यांनी गाडीत एक बाई आणून बसवली! म्हणजे फोनमधली. डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगणारी. आतापर्यंत फोन नुसता समोर अडकवलेला असायचा. आज बडनेरा रोडवरच्या दुकानातून तो गाडीच्या टेपला जोडून आणला. आता बाई चारही स्पीकरमधून बोलते. गाडी दारात लागली तर स्वयंपाकघरात ऐकू आलं — "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

म्हटलं, वीस वर्षं झाली अमरावती-अकोला भाड्याची गाडी चालवता, अन् आता तुमाले रस्ता सांगाले बाई पायजे?

हे हसले. "नवे पूल झाले, सर्विस रोड झाले. समजत नाही आता."

खोटं वाटलं. कशात, ते कळलं नाही.

७ नोव्हेंबर

ब्लाऊज शिवत होते. मला चष्मा लागल्यापासून सुई हेच ओवून देतात. आज दिली तर म्हणाले, "तूच ओव. माये हात थरथरून राह्यले."

हात स्थिर होते. मी पाहत होते ना!

१० नोव्हेंबर

आचलला भेटायला अकोल्याला गेलो. तिच्या नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलवर लाडू, चिवडा दिला. पोरगी वाळली आहे.

पण लिहायचं ते वेगळंच. अख्ख्या रस्त्यात गाणी बंद. मी बोलायला लागले की हे हात वर करत — "थांब!" बाई काही सांगणार असली की श्वास रोखून ऐकायचे. मूर्तिजापूरच्या अलीकडे माझ्या भावाचा फोन आला आणि स्पीकरमधून बाईच्या जागी भाऊच बोलायला लागला — "काय गजेंद्रभाऊ, कुठं आहा?" यांनी गाडी एकदम वीसवर आणली. भर हायवेवर! मागून ट्रक बोंबलत गेले. "काट! काट तो फोन!" असं ओरडले माझ्यावर. तीस वर्षांच्या संसारात असे ओरडले नव्हते.

फोन कापला. बाई परत आली — "सरळ जात राहा." यांनी घाम पुसला.

१३ नोव्हेंबर

शेजारचे जानराव समोरून हात वर करून गेले. यांनी पाहिलंच नाही. जानरावांना वाटलं, राग आहे.

१६ नोव्हेंबर

गाडी झाडताना सीटच्या कव्हरखाली डोळ्याच्या डॉक्टरचा कागद सापडला. जूनचा! शुगरमुळे दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत. खाली मराठीत लिहिलेलं आहे, अगदी माझ्यासारखीला वाचता यावं असं — वाहन चालवू नये.

कागद यांच्यापुढे धरला. यांनी कागद घडी करून खिशात टाकला. म्हणाले, "उजव्या डोळ्यानं मधातलं काईच दिसत नाही. कडेकडेचं दिसते. डाव्यानं समदं धुईत असल्यावानी."

"मंग गाडी चालवता कशी?"

"रस्ता पाठ आहे. वळण बाई सांगते."

"अन् समोर माणूस आला त? ते सांगते का बाई?"

हळूच म्हणाले — "गाडी सोडली त मी काय करू रागिणी? खाटेवर बसून तुई मशीन ऐकत राहू? आचलले सांगू नको."

मी काही बोलले नाही. पण न बोलणं म्हणजे हो म्हणणंच झालं.

१९ नोव्हेंबर

काल चावी तांदळाच्या डब्यात लपवली. यांनी शोधलीसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. आजही तेच. संध्याकाळी चावी खिळ्याला परत अडकवली. मीच!

२३ नोव्हेंबर

धारणीचं भाडं आलं. वर्षाली नावाची बाळंतीण, तिची सासू पार्बताबाई, बारा दिवसांचं बाळ. उद्या दवाखान्यातून घरी सोडायचं. घाटाचा रस्ता. जंगलात तर फोनला रेंजही नसते, म्हणजे बाई मुकी!

"नाही म्हणा," म्हटलं.

"शब्द देल्ला."

मग मी येते, म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

२४ नोव्हेंबर

परत आलो.

परतवाड्यापर्यंत बाई बोलत होती. घाट लागला आणि काही वेळानं ती थांबली. हे म्हणाले, "गेली." बस, एवढंच. मी पुढच्या सीटवर होते. बोलायला लागले. हळू. डावीकडे वळण. आता सरळ. समोर बस, कडेनं घ्या. आणखी कडेनं. उजवीकडे वळण, मोठं. खड्डा. गाय! यांनी सगळं ऐकलं, शब्दाला शब्द. मी 'थोडं' म्हटलं की चाक थोडंच फिरायचं. एका बाजूला दरी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, फक्त रस्ता.

मागून पार्बताबाई हसल्या. "लय बोलता वं माय! भाऊले चालवू त द्या."

वर्षाली बाळाला पाजत होती. सेमाडोहच्या पुढे तिचा डोळा लागला. आमच्या भरवशावर झोपली ती.

धारणीत त्यांच्या दारी उतरलो. चहा झाला. पार्बताबाईंनी बाळ यांच्या मांडीवर दिलं, म्हणाल्या, "सुखरूप आणलं, भाऊ." हे बाळाच्या चेहऱ्याकडे बघून गोड हसले. मला माहीत होतं, यांना चेहरा दिसत नाही आहे.

येताना मात्र हे शीळ घालत होते. "तू असली का मंग काय पायजे!"

आणि खरं लिहायचं तर मला अभिमान वाटला. घाट मी उतरवला! हे लिहिताना लाज वाटते. पण वाटला.

३० नोव्हेंबर

आता रोजच जाते. शिवणकाम पडून आहे. गिऱ्हाइकं विचारतात, भाऊंसोबत तुम्ही कशा? सांगते, घरात करमत नाही. बाई वळणं सांगते, मी माणसं सांगते. असं वाटून घेतलं आहे.

३ डिसेंबर

आज रिद्धपूरचं भाडं होतं. रस्त्यात एक बकरी मला उशिरा दिसली. थोडक्यात वाचली. मागच्या लोकांना काही कळलं नाही. हेही काही बोलले नाहीत, कारण यांना बकरी होती हेच माहीत नाही.

९ डिसेंबर

आचलचा फोन. "आई, तू रोज बाबाच्या संग काहून जातं?"

फिरणं होते, म्हटलं.

"बाबाची शुगर तपासली? डोळे दाखोले?"

हो, म्हटलं. सगळं नॉर्मल.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "बरं केलं." तिथेच सांगून टाकायला हवं होतं. अजूनही सांगता येईल. रविवारी ती येणार आहे, तेव्हा सांगेन. यांना काय वाटायचं ते वाटो.

१२ डिसेंबर

यांनी बाईचा आवाज आणखी मोठा केला. म्हणाले, ट्रकच्या आवाजात ऐकू येत नाही. माझ्या कानात दुखतं. आता मला ओरडून बोलावं लागतं.

दोन दिवस. रविवारी सांगायचंच.

१४ डिसेंबर

आज रविवार; आचल ड्यूटी संपवून संध्याकाळी येणार होती, आम्ही अकोल्याचं भाडं सोडून रिकामे परतत होतो. दुपार. बोरगाव मंजूजवळ सर्विस रोडच्या तोंडाशी सायकलवर एक म्हातारे. मी ओरडले, "थांबा!" त्याच क्षणी बाई म्हणाली, "डावीकडे वळा." तिचा आवाज मोठा होता. हे वळले, थेट सायकलवर.

त्यांचं नाव उत्तमराव. दवाखान्यात कळलं. अजून शुद्ध नाही.

लोक जमले तोवर आम्ही दोघं खाली उतरलो होतो. हवालदार आले. "गाडी कोण चालवत होतं?" मी म्हटलं — मी. का म्हटलं, माहीत नाही. वाटलं, हे लगेच म्हणतील, नाही साहेब, मी होतो.

"लायसन?"

"नाही."

हे बाजूलाच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत.